सुमंगला दिवा कुणाला सापडेना

मुलांनो, समजा तुम्ही आत्ता डिचोलीच्या बसस्टँडवर उतरला आहात. बुधवारचा बाजार भरलेला आहे. समोर पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली ओळीने उभ्या आहेत आणि त्यांच्यावर आपले पायलट बसले आहेत. हे पायलट विमान चालवत नाहीत. आपल्याला मागे बसवून जिथे जायचं तिथे सोडतात. त्यातला बाबली पायलट तुम्हाला विचारतो, "खंय वचपाचें?"

आता पंचाईत अशी, की कुठे जायचं ते तुम्हालाच ठाऊक नाही. ठाऊक आहे ते एवढंच, की तुळशीपुढे लावलेला तुमचा दिवा रोज संध्याकाळी वाऱ्याने विझतो, आणि न विझणारा दिवा तुम्हाला हवा आहे. तुम्ही बाबलीला तसं सांगता. बाबली डोकं खाजवतो, किक मारतो आणि तुम्हाला घेऊन जातो तो थेट बॅटरीवरचे प्लास्टिकचे दिवे विकणाऱ्या दुकानात.

बाबलीची काही चूक नाही. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर सगुण नावाच्या ओतकाम करणाऱ्या म्हाताऱ्याच्या भट्टीत नेमका तसाच पितळी दिवा गेली कित्येक वर्षं ओतला जात होता, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. का सांगितलं नव्हतं, तेच आता ऐका.

व्हडल्या दिवाळीला, म्हणजे तुळशीच्या लग्नाला, सगुणची बहीण विनोदिनी दर वर्षी पेडण्याहून माहेरी यायची. शाळेतून निवृत्त झाली होती, पण हातातली पिशवी अजून शाळेचीच होती आणि चालण्यात घंटा होण्याआधी पोचायची घाई होती. या वर्षी उंबऱ्यात पाऊल टाकताच तिला कळलं, की घरात काहीतरी बिनसलं आहे. फोवांसाठी, म्हणजे पोह्यांसाठी, गूळ चिरायला सगुणची धाकटी सून विमला विळीवर बसली होती, पण हात थांबलेला. आणि मेजावर भट्टीच्या खोलीची चावी पडलेली. ती चावी कधी मेजावर नसायची. तिची जागा जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, खिळ्यावर.

"ही इथे कशी गो?" विनोदिनीने विचारलं.

"भावजी आलेत," विमला खाली बघत म्हणाली.

एवढ्यावरून विनोदिनीला सगळं उमगलं. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत सगुणच्या थोरल्या मुलाने, विनायकने, बापाकडून शब्द घेतला होता. सगुणला बहात्तरावं लागलेलं, भट्टीच्या धुराने खोकला छातीत घर करून बसलेला. पर्वरीचा एक कंत्राटदार ती खोली सिमेंट ठेवायला मागत होता. "खोली द्या, स्वस्थ बसा," असं विनायकचं म्हणणं. तेव्हा धाकट्या सुनेने, या विमलानेच, सासऱ्यापुढे पदर खोचून सांगितलं होतं, की मला व्हडल्या दिवाळीपर्यंत मुदत द्या, मी दिवे ऑनलाइन विकून दाखवते. विमला गडहिंग्लजकडची. वडील डिचोलीच्या कारखान्यात कामाला आले म्हणून ती इकडची झाली. नवरा श्रीनाथ मालवाहू बार्जवर महिना महिना पाण्यात, आणि ती इथे सासऱ्याच्या हाताखाली साचा भरायला, कानस चालवायला, दिव्याची जाळी कोरायला शिकली होती. भट्टी बंद झाली तर सगुणला विश्रांती मिळणार होती, पण विमलाच्या हातातलं काम कायमचं जाणार होतं.

आणि आज व्हडली दिवाळी आली होती. दुकानाचं पान इंटरनेटवर झळकत होतं, पण एका माणसानेही विचारलं नव्हतं.

सोप्यावर सगुण कदेलावर, आपल्या खुर्चीवर, बसला होता. विनायक समोर उभा.

"बाबा, मी तुमच्या वाईटावर नाही."

"तसं मी म्हटलं का? शब्द दिला होता, पाळतो. चावी मेजावर ठेवली आहे, ती घे आणि मोकळा हो!"

विनोदिनीला दारातच ऐकू आलं, की दादा, म्हणजे सगुण, शुद्ध मराठीत बोलतो आहे. म्हणजे रागावला आहे. हा माणूस रागावला की मराठी बोलायचा आणि विरघळला की कोकणी. गोवा घटक राज्य होण्याआधीच्या त्या मराठी-कोकणी वादाच्या धुमाळीत तो मराठीचा फलक घेऊन पणजीला गेला होता आणि विनोदिनी कोकणीचा. वर्षभर भावंडांत बोलणं नव्हतं. त्या वर्षी दोघांमधले निरोप सगुणची बायको, सुमंगलावहिनी, पोचवायची, आणि पोचवता पोचवता दोन्हीकडचे कडू शब्द वाटेत गाळून टाकायची. वहिनी जाऊन आता तिसरी व्हडली दिवाळी.

"दादा, चावी संध्याकाळी दे," विनोदिनी पिशवी ठेवत म्हणाली. "लग्न लागेपर्यंत दिवस मावळत नाही. विमल, ते तुझं पान तरी दाखव मला. आमच्या पेडण्याच्या बायकांच्या गटाची मिरची मीच ऑनलाइन बसवलीय. या आंधळ्या कोशिंबिरीत थोडी खेळलेय मी."

फोन विमलाच्या दहा वर्षांच्या लेकीच्या, सेजलच्या, हातात होता. तिने पान उघडून आतेआजीपुढे धरलं. काळ्या मखमलीवर ठेवलेला दिवा. कमळाच्या कळीसारखं त्याचं पितळी झाकण, कळीला बारीक जाळी. वर ठळक अक्षरांत नाव होतं, 'सुमंगला'. खाली लिहिलं होतं: 'आमच्या घरचे मंगल तेज. सदैव प्रसन्न.'

"सुंदर," विनोदिनी म्हणाली. मग चष्मा वर सरकवून विचारलं, "पण हे आहे काय?"

"काय म्हणजे? दिवा," विमला गोंधळली.

"तुला ठाऊक म्हणून. सेजल, स्टँडवरचा बाबली पायलट माहीत आहे ना? हे गूगल म्हणजे एक मोठा बाबली समज. जगभराचे लोक त्याच्या मागे बसतात आणि विचारतात, हे कुठे मिळेल, ते कुठे मिळेल. तो कुणाला कुठे नेतो?"

"जिथे ती वस्तू मिळते तिथे."

"ते त्याला कळतं कसं?"

सेजलने विचार केला. "पाटी वाचून?"

"शाबास. आधी पाटी. मग आत जाऊन बघतो, पाटीवर लिहिलंय ते खरंच आहे का. मग कान देतो, गावातली चार माणसं त्या दुकानाचं नाव घेतात का. आणि नेलेलं गिऱ्हाईक तोंड वाकडं करून लगेच बाहेर आलं, तर पुढच्याला तिथे न्यायला कचरतो. आता आपल्या पाटीवर काय आहे? सुमंगला. बाबलीला वाटेल, इथे सुमंगलाबाई राहतात."

विनायकला हसू आलं. ते त्याने दाबलं. "माझ्या ओळखीचा एकजण म्हणत होता, पानभर दिवा दिवा दिवा, समई समई समई असं लिहून टाकायचं. आठ दिवसांत पहिला नंबर."

"बाजारात एक माणूस 'भेंडी भेंडी भेंडी' एवढंच ओरडत बसला तर तू त्याच्याकडे भेंडी घेशील?"

"पळून जाईन."

"बाबलीही पळतो."

मुलांनो, विनोदिनीने मग काय केलं असेल? तिने शाळा भरवली. सगळ्यांना सोप्यावर बसवलं. विमला, विनायक, विनायकची बायको स्वाती, सेजल. सगुण कदेलावर तोंड फिरवून बसला, पण कान इकडेच होते, हे बहिणीला पाठीवरून कळत होतं.

"समजा," विनोदिनी म्हणाली, "तुम्ही डिचोलीत नाही. पुण्यात आहात, बेळगावात आहात. आपला दिवा तुम्ही कधी पाहिला नाही, त्याचं नाव ऐकलं नाही. फक्त तुमची अडचण तुम्हाला माहीत आहे. मग गूगलच्या त्या शोधायच्या खिडकीत काय लिहाल? विमल?"

"अखंड तेवणारा दिवा."

"असं कोण बोलतं गो? ते लग्नपत्रिकेत लिहितात. विनायक?"

"वाऱ्यात... शांत न होणारा दिवा."

"स्वाती?"

सेजलने तिच्याकडे वळून सहज विचारलं, "काकी, तुझ्या गॅलरीत तुळशीकडे बॅटरीचा दिवा आहे ना, तो तू फोनवरच शोधलास ना?"

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दिवे ओतले, त्या घरच्या थोरल्या सुनेच्या गॅलरीत बॅटरीचा दिवा! स्वातीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आईंच्या नावाचा दिवा यांनी देव्हाऱ्यात ठेवलाय," ती चाचरत म्हणाली. "गॅलरीत ठेवला तर कबुतरं पाडतील, म्हणून हात लावू देत नाहीत. आणि आमच्या सहाव्या मजल्यावर वारा म्हणजे... म्हणून मी आपली शोधायला गेले."

"काय लिहिलंस?" विनोदिनीने विचारलं.

"ते आपलं... ते दिव्याचं होतं ना, तसं."

"काय होतं?"

"आते, तुम्हाला माहीत आहे! ते... मोठा होतो ना दिवा, तसं."

विनायक फसकन हसला. "मोठा होणारा दिवा लिहिलंस? मग झुंबर आलं असेल."

विनोदिनी मात्र हसली नाही. तिला एकदम उजेड पडला होता. बाळांनो, त्या घरात एक शब्द कुणी उच्चारत नसे. दिवा ओतणाऱ्यांचं घर ते. तिथे दिवा शांत व्हायचा, मोठा व्हायचा, त्याला निरोप दिला जायचा. विझायचा मात्र कधी नाही. विमला माहेरच्या रीतीने सासूला आत्याबाई म्हणायची; लग्न होऊन आली त्या रात्री ती सहज बोलून गेली होती, "आत्याबाई, देवापुढचा दिवा विझला वाटतं." सुमंगलावहिनी रागावली नव्हती, फक्त तिचा चेहरा पांढरा पडला होता. विनोदिनी तेव्हा तिथेच होती. त्या दिवसापासून विमलाने तो शब्द जिभेवरून पुसून टाकला. दुकानाचं पान लिहितानाही तो तिच्या बोटांना शिवला नाही. आणि बाहेरचं सगळं जग त्याच शब्दाने दिवा शोधत होतं.

तेव्हा सेजल उठून उभी राहिली, वर्गात उभी राहावी तशी, आणि खणखणीत म्हणाली, "मी लिहिलं असतं, वाऱ्याने दिवा विझतो, काय करू?"

विमलाने तिचा हात ओढून तिला खाली बसवलं. "सेजल! बाबा, तिला कळत नाही हो, लहान आहे."

सगुणने कदेल वळवलं. आणि मग तो बोलला, ते कोकणीत.

"तिका बोलूं दी. तुका खबर आसा बाय, हो दिवो हांवें कित्याक केल्लो?"

सेजलने मान हलवली. आजोबांनी हा दिवा का केला, ते तिला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं, विनोदिनी सोडून.

"तुजी आजी ह्या घरांत नवी आयल्ली. पयलीच व्हडली दिवाळी. तुळशीमुखार दिवो तिणें लायलो, आनी न्हंयेवयल्यान वारो आयलो." नदीवरून आलेल्या त्या वाऱ्यापाशी सगुण थांबला. घरातलं प्रत्येकजण जिथे थांबायचं तिथेच तो थांबला होता. "विझलो दिवो. दोनदां लायलो, दोनदां विझलो. आवय कांयच उलयली ना. पूण तें ना उलोवप..." आईचं ते न बोलणंच बायकोला लागलं होतं, असं सांगत त्याने हात हलवला. पुढचं मराठीत आलं, पण रागाचं नव्हतं. "वर्षभर ती पोर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत वावरली. कुणी शिंकलं तरी दचकायची. मी मनात म्हटलं, बोलून हिची भीती जायची नाही. माझ्या हाताला जे येतं ते करावं. दुसऱ्या वर्षी ही कळी केली. खालून वारा घेते, वातीला तेवढा पुरतो. आडवा वारा आला तर जाळीत फुटतो. तुळशीपुढे ठेवला, वारा आला, आणि..."

"विझला नाही," सेजल म्हणाली.

"विझला नाही. तिका म्हणलें, आतां रडूं नाका. तर आनीकच रडली."

विनायक खाली बघत होता. ज्या आईच्या नावाचा दिवा त्याने देव्हाऱ्यात बंद करून ठेवला होता, तो देव्हाऱ्यासाठी केलेलाच नव्हता. तो वाऱ्यासाठी केला होता.

"विमल," सगुण म्हणाला, "घाल तें उतर, तोच शब्द. दुकानात गिऱ्हाइकाची भाषा चालते, मालकाची नाही."

"हे वाक्य तू त्या वेळी पणजीत म्हणाला असतास तर आपलं एक वर्ष वाचलं असतं," विनोदिनी म्हणाली. सगुणचा खोकला आणि हसू एकदमच बाहेर आलं.

मग कामाला वेग आला. विमलाने 'सुमंगला' हे नाव खोडायला बोट टेकवलं आणि परत मागे घेतलं. "आत्याबाईंचं नाव काढू?"

"काढायचं कशाला? पाटीवर वाटसरूची अडचण लिही. आत आलेल्याला घराचं नाव सांग."

तेव्हा वरच्या ओळीत आलं: 'वाऱ्यात न विझणारा तुळशीचा पितळी दिवा, डिचोली, गोवा'. त्याच्या खाली, थोड्या लहान अक्षरांत: 'नाव सुमंगला. का, ते वाचा.' आणि त्याखाली सगुणने आत्ताच सांगितलेली हकिकत, त्याच्याच बोलीत. वात कशी घालावी, जाळी कशी धुवावी, तेही विमलाने लिहिलं, कारण बाबली आत डोकावून बघतो तेव्हा तिथे उपयोगाचं काही असावं लागतं. इंग्रजीत काय लिहायचं ते स्वातीने सांगितलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून शोधणारे असतात, तेही तिनेच आठवलं. तिने स्वतः तसंच शोधलं होतं. नकाशावर भट्टीची जागा लावली. आणि विनोदिनीने काळ्या मखमलीवरच्या फोटोकडे बघून नाक मुरडलं.

"इथे वारा कुठे आहे? शाळेत पोहणं फळ्यावर शिकवतात तसं झालं हे. आणि फोटोला नाव काय दिलंयस? नुसते आकडे? हा फोटो कसला आहे ते चार शब्दांत लिहायचं, म्हणजे बाबलीला अंधारातही ओळखता येतो."

"आते, हे सगळं केलं की उद्या ऑर्डर येईल?" विमलाने विचारलं. आवाजात आशा इतकी होती, की विनोदिनीला खोटं बोलावंसं वाटलं. पण जन्मभर मुलांना शिकवलेलं माणूस ते. जमलं नाही.

"उद्या नाही. परवाही नाही. आमची मिरची लोकांना सापडायला दोन पावसाळे गेले. बाबली नव्या दुकानावर एकदम विश्वास टाकत नाही. येत-जात बघतो. चार लोक आपलं नाव घेतील, कुणी आपल्या पानाचा पत्ता दुसऱ्याला देईल, मग हळूहळू."

सगळ्यांचे डोळे मेजावरच्या चावीकडे गेले. मुदत तर आजचीच होती.

दिवस कलला. तुळशीच्या वृंदावनाला ऊस बांधला, चिंचेची आणि आवळ्याची फांदी लावली, नवरदेव म्हणून दिंड्याची काठी रोवली. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली आणि खरंच नदीकडून वारा सुटला. शेजारच्या घरच्या पणत्या एकेक करून गेल्या. सुमंगला मात्र जाळीच्या आत किंचित वाकली आणि पुन्हा सरळ झाली. विनायक त्या ज्योतीकडे बघत उभा होता. अक्षता टाकायचंही त्याला भान नव्हतं.

फोव वाटून झाले तेव्हा तो आत गेला. विनोदिनी त्याच्या मागोमाग गेली, उगाच पाण्याचा पेला हातात घेऊन. त्याने मेजावरची चावी उचलली. खिशाकडे नेली. मग जनेलाजवळ जाऊन ती खिळ्याला अडकवली.

"होळीच्या शिगम्यापर्यंत," तो पाठमोराच म्हणाला. "पण भट्टीपाशी बाबा बसणार नाहीत. ओतकाम विमलने करायचं, बाबांनी लांबून बघायचं. धुराकडे मी पंखा लावून देतो. आणि शिगम्याला कुणी विचारलं नाही तर मग मला बोलायचं नाही."

"नाही बोलणार," विनोदिनी म्हणाली.

"आणि आते, गॅलरीसाठी एक दिवा द्यायला सांग विमलला. विकत. पहिलं गिऱ्हाईक घरचं असलं तर चालतं ना बाबलीला?"

"बाबलीला घरचं कौतुक फारसं पटत नाही. पण स्वातीला पटेल."

दारामागे विमला तोंडाला पदर लावून उभी होती. सेजल तिच्या कमरेला बिलगून सगळं ऐकत होती, आणि एकाच गोष्टीचा विचार करत होती. चार लोकांनी नाव घ्यायला हवं. ते घेणार कधी? आणि शिगमा तर लांब नव्हता.

सकाळ झाली, बुधवारची. पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजून गेला तरी सेजल पावाला बाहेर आली नाही. विनोदिनीने खोलीत बघितलं, अंगणात बघितलं. तुळशीपुढचा दिवा जागेवर नव्हता.

ती स्टँडवर पोचली तेव्हा बाबली पायलट मोटारसायकलवर बसून पोटभर हसत होता. मागच्या सीटवर सेजल, मांडीवर दिवा, आणि दिव्यात वात पेटलेली.

"मास्तरणी, ही तुमची नात म्हणते, म्हाका बाजारांतल्यान व्हर, सवकास! हांव किदें करूं?"

"बाजारातून हळूहळू फिरवायचं भाडं ती कशाने देणार आहे?" विनोदिनीने विचारलं.

"म्हणते, कोणी विचारलं तर सांग, वाऱ्यात न विझणारा दिवा कुठे मिळतो तें. तेंच भाडें."

मागून विनायकची स्कूटर येऊन थांबली. तो पुतणीला रागवायला आला होता. पण दिव्याकडे बघून त्याने खिशातून फोन काढला आणि फोटो घ्यायला समोर धरला. "बाबली, चल. हळू. मी मागे आहे."

मोटारसायकल निघाली. भेंडीवाल्या, नारळवाले, माशांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका माना वळवून बघू लागल्या. सेजलने एका हाताने दिवा धरला होता आणि दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीपुढे आडवा केला होता. बाजार ओलांडून मोटारसायकल नदीच्या वळणावर आली. तिथे वारा मोकळा असतो. सेजलने मागे वळून काकाचा फोन आपल्याकडेच रोखलेला आहे ना ते बघितलं, आणि ज्योतीपुढचा हात काढून घेतला.